तोल जातोय? आधी गोळ्यांचा डबा उघडा

घरातलं ज्येष्ठ माणूस पडलं, याविषयी या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून सगळं सदर यालाच दिलं आहे. पत्रांमध्ये ओली फरशी, घसरडी चप्पल, जुना चष्मा, कुरकुरणारे गुडघे हे सगळं आहे. औषधांचा उल्लेख मात्र शेवटच्या ओळीत येतो : ‘बाकी नेहमीच्या गोळ्या चालू आहेत.’ आम्हाला त्या नेहमीच्या गोळ्यांबद्दलच बोलायचं आहे. वयाबरोबर मूत्रपिंडं आणि यकृत मंदावतात, शरीरातलं पाणी कमी होतं, चरबीचा वाटा वाढतो. पंचावन्नाव्या वर्षी सोसलेला डोस पंचाहत्तरीत जास्त ठरतो, आणि चिठ्ठी मात्र तीच राहते.

एक विनंती आधीच. हे वाचून कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर पडण्यापेक्षा मोठं संकट ओढवतं. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. महिन्याभरात दोनदा पहाटे तीनच्या सुमारास लघवीला उठले आणि बाथरूमच्या दाराशी कोसळले. दवाखान्यात प्रेशर १३०/८० भरलं. सकाळी टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ यांची एकत्र गोळी घेतात. दीड महिन्यापूर्वी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ०.४ रात्री झोपताना सुरू झाली. — सातारा

दवाखान्यातलं प्रेशर बसवून घेतलेलं असणार. वडील पडतात ते उठल्यावर. तेव्हा उठल्यावरचं प्रेशर किती, हे कळायला हवं.

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा लिटरहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुण शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि मेंदूकडचा पुरवठा राखतं. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटभोवतीचे स्नायू सैल करते, पण थोड्या प्रमाणात रक्तवाहिन्याही सैल करते. एकटी असती तर बहुधा निभावलं असतं. प्राझोसिन किंवा टेराझोसिन या तिच्या भावंडांपेक्षा ती सौम्यच आहे. इथे मात्र प्रेशर कमी करणाऱ्या तीन औषधांवर ती चौथी आली. शिवाय ती रिकाम्या पोटी घेतली तर रक्तात जास्त उतरते आणि चार-पाच तासांत तिचा जोर सर्वाधिक होतो. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा जोर दोन-तीनला चढतो, आणि वडील नेमके तेव्हाच उठतात.

घरी मोजायचं ते असं. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. वडिलांना पाच मिनिटं आडवं राहू द्या आणि प्रेशर व नाडी लिहून घ्या. मग उभं करा, मागे खुर्ची ठेवा, बाजूला कोणीतरी थांबा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजताना हात खाली लोंबू देऊ नका, छातीच्या उंचीवर धरा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, किंवा उभं असताना वरचा ९० च्या खाली गेला, तर कारण हाती लागलं. तीन दिवस, सकाळची गोळी घेण्याआधी आणि घेतल्यावर दोन तासांनी, असं वहीत लिहा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसवा आणि ‘उभं राहता आलं नाही’ असं नोंदवा. तीही नोंद मोलाची आहे. नाडीही का, तर प्रेशर उतरूनही नाडी जेमतेम वाढली तर मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी, नाहीतर मधुमेहाने दुखावलेल्या नसा याकडे बोट जातं.

ही वही घेऊन डॉक्टरांशी तीन गोष्टी बोला. टॅम्सुलोसिन रोज ठरलेल्या एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची असते; नाश्त्यानंतर चालेल का, हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारा. दुसरं, तीन औषधांची एकत्र गोळी सुटसुटीत खरी, पण त्यातलं एकच कमी करता येत नाही. ती सुटी करून मागा, मग त्यातलं लघवी वाढवणारं औषध (हायड्रोक्लोरोथायझाइड) खरंच हवं आहे का, हे पाहता येईल. तिसरं, टॅम्सुलोसिन काही दिवस चुकली तर पुन्हा सुरू करताना पहिल्या डोसाची चक्कर परत येऊ शकते, म्हणून आधी विचारा. कॅप्सूल उघडून किंवा चावून घ्यायची नाही. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी चालू होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट ताणून राहत नाही.

तोवर आज रात्रीपासून पलंगाशी युरिनलचं भांडं ठेवा. उठायचंच झालं तर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून घोटे वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवायचे, मग उभं राहून दहापर्यंत मोजायचं, मग पाऊल टाकायचं. लघवी बसून करायची. अंघोळीचं पाणी कडकडीत नको, त्यानेही रक्तवाहिन्या सैल पडतात. (दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तर तेलकट फरशी आणि कढत पाणी असे दोन्ही धोके एकत्र येतात. त्या दिवशी वडिलांना खुर्चीवर बसवून न्हाऊ घाला.)

प्रश्न : आई ७२ वर्षांची. दहा वर्षं झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ घेते. सकाळी चालताना झोकांड्या जातात. गोळी बंद केली तर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरले, म्हणून पुन्हा सुरू केली. — नाशिक

झोप उडाली आणि हात थरथरले, म्हणजे आईला गोळीची गरजच आहे, असा अर्थ काढू नका. शरीराला तिची सवय लागली आहे आणि ती एकदम काढून घेतली, त्याचे ते परिणाम आहेत. या गटातल्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम) अनेक वर्षांनंतर एका दिवसात थांबवल्या तर फिट येऊ शकते. पुन्हा सुरू केलीत ते योग्यच केलंत.

सकाळच्या झोकांड्यांचं कारण सरळ आहे. तरुण माणसाच्या रक्तातलं अल्प्राझोलाम निम्मं व्हायला साधारण ११ तास लागतात, वयस्करांत सुमारे १६. रात्री दहाची गोळी सकाळी सहाला निम्म्याहून जास्त अंगात असते. आई जागी झालेली असते, पण स्नायू आणि तोल सांभाळणारा मेंदूचा भाग अजून गुंगीत असतो. डायझेपाम तर वयस्करांत काही दिवस रेंगाळतं. अमेरिकेतल्या वृद्धरोग तज्ज्ञांच्या संघटनेची ‘बिअर्स निकष’ नावाची यादी आहे. तिच्या २०२३च्या आवृत्तीत हा सगळा गट ज्येष्ठांत टाळावा, असं म्हटलं आहे.

कमी करण्याची चाल डॉक्टर ठरवतील. ती साधारण अशी असते : दर दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा कमी करायचा, आणि शेवटी आणखी सावकाश. आईसाठी ०.२५ च्या गोळ्या आणा. पहिले दोन आठवडे दीड गोळी (०.३७५), पुढचे दोन आठवडे एक (०.२५), मग अर्धी (०.१२५) दोन ते चार आठवडे, मग बंद. अर्धी करायला मेडिकलमध्ये गोळी कापायचा डबा मिळतो, तो घ्या. सुरीने तुकडे असमान पडतात. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल तर ती गोळी कापायची नाही, कारण तिच्यातलं औषध हळूहळू सुटायची सोय मोडते. एखाद्या पायरीवर आई फार अस्वस्थ झाली तर मागे जाऊ नका, त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे थांबा. फिट्सचा इतिहास असेल किंवा रोजचं मद्यपान असेल, तर मात्र हे घरच्या घरी करायचंच नाही.

कमी करताना तीन-चार रात्री झोप तुटणार, हे आईंना आधी सांगून ठेवा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळचा चहा पाचनंतर बंद, आणि झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत न राहता खुर्चीत बसू द्या. त्या दिवसांत कोणीतरी ‘मग ही साधी घ्या’ म्हणून झोल्पिडेम देईल. तिनेही माणसं रात्री पडतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी तिचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, तो सकाळपर्यंत गुंगी राहते म्हणूनच.

आपल्याकडे अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. ओळखीवर जुनी स्ट्रिप दाखवून गोळ्या मिळत असतील, तर कोणी डॉक्टर त्या डोसाकडे पाहतच नाही, असं समजा.

प्रश्न : सासूबाईंना चक्कर येते म्हणून सिनारिझिन दोन वर्षं चालू आहे, आणि गॅससाठी सकाळी रॅबेप्राझोल-लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल. आता त्या पाय घासत चालतात, हात थरथरतो, दोनदा पडल्या. पार्किन्सन्स म्हणून गोळी सुरू करू, असं म्हणताहेत. — अकोला

ही गोळी सुरू करण्याआधी थांबा आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : हे पहिल्या दोन औषधांमुळे तर नाही?

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन हालचालींना ओघ देतं. पार्किन्सन्समध्ये ते कमी पडतं. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन (चकरेची आणि उलटीची परिचित गोळी), मेटोक्लोप्रामाइड आणि लेव्होसल्पिराइड ही औषधं त्याच डोपामिनचा रस्ता अडवतात. परिणाम हुबेहूब पार्किन्सन्ससारखा दिसतो : चेहरा कोरा, पावलं आखूड, वळताना अडखळणं, खुर्चीतून उठायला वेळ. औषधामुळे झालेलं असेल तर ते बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि काही आठवड्यांत-महिन्यांत वाढतं. खरा पार्किन्सन्स बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो. लेव्होसल्पिराइडकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण घरात ती ‘गॅसची कॅप्सूल’ असते. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन औषधं छापलेली असतात, त्यातलं दुसरं वाचा.

डॉक्टरांच्या संमतीने ही दोन्ही थांबवली तर सुधारणा दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. काहींत लक्षणं उरतात. तेव्हा आत दडलेला खरा पार्किन्सन्स औषधाने उघडा पडलेला असतो, आणि मग उपचार हवेतच. गॅससाठी खरंच औषध लागत असेल तर लेव्होसल्पिराइड नसलेलं साधं रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल चालेल का, ते विचारा.

आणि मूळ चकरेचं काय? बिछान्यात कूस बदलताना किंवा मान वर करताना, एक मिनिटाच्या आत थांबणारी गरगर असेल तर ती बहुधा कानाच्या आतले सूक्ष्म खडे सरकल्यामुळे होते. गोळीने खडे जागेवर जात नाहीत. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने वळवून, ‘एपली’ पद्धतीने, ते जागेवर आणतात. दोन-पाच मिनिटांचं काम असतं. चकरेच्या गोळ्या तीव्र त्रासाच्या तीन-चार दिवसांपुरत्या असतात. दोन वर्षं घ्यायच्या नसतात.

प्रश्न : सर्दीची साधी गोळीसुद्धा धोक्याची असते का? — पणजी

क्लोरफेनिरामिन किंवा फेनिरामिन असलेली असेल तर हो. पेंग, तोंडाला कोरड, धूसर दिसणं, आणि प्रोस्टेट असेल तर लघवी तुंबणं. बहुतेक तयार ‘सर्दी-ताप’ गोळ्यांत आणि खोकल्याच्या औषधांत यातलं काहीतरी असतं. ज्येष्ठांना वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि ताप असेल तर नुसतं पॅरासिटामॉल पुरतं.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे, ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी एकत्र गोळी दोन वेळा. एकादशीला देवघरात पडले. साखर घातलेलं पाणी दिलं तरी बराच वेळ भानावर आले नाहीत. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ आहे, सगळे कौतुक करतात. — पंढरपूर

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ग्लिमेपिराइड घेऊन ६.२ ही काळजीची गोष्ट आहे. इतका कमी आकडा म्हणजे दिवसातून कधीतरी साखर फार खाली जात असणार. या वयात, सोबत इतर आजार असतील तर, ८ च्या आत हे लक्ष्य पुरेसं मानतात. डॉक्टरांकडे हा आकडा घेऊन जा आणि ग्लिमेपिराइड कमी करता येईल का, हे विचारा.

साखरेचं पाणी का लागू पडलं नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्होग्लिबोज (आणि अकार्बोज) साध्या साखरेचं आतड्यात विघटनच लांबवतं. म्हणून ही गोळी चालू असलेल्यांच्या घरी ग्लुकोज पावडरच हवी. ७० च्या खाली साखर गेली की सपाट तीन छोटे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की काहीतरी खायला द्या. माणूस गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर आल्यावरही त्या दिवशी डॉक्टरांना दाखवाच, कारण ग्लिमेपिराइडने खाली गेलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते.

उपासाच्या दिवशी अडचण होते ती वेळेची. सकाळी गोळी, मग दुपारपर्यंत काही नाही, मग साबुदाण्याची खिचडी. गोळी मात्र उपास पाळत नाही. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार यांसाठी वेगळी चिठ्ठी आधीच लिहून घ्या : कोणती गोळी त्या दिवशी वगळायची, कोणती अर्धी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर निर्जळी नकोच. ती लघवीवाटे पाणी काढतात, प्रेशर उतरतं आणि रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी सोबत असेल तर साखर उतरताना छातीतली धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न : पायांच्या मुंग्यांसाठी प्रेगाबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलिन १० दोन वेळा. आजी ७८ वर्षांची, वजन ४५ किलो. क्रिएटिनिन १.२, म्हणजे किडनी ठीक आहे ना? — बेळगाव

नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आजींच्या अंगावर स्नायूच थोडे, म्हणून आकडा चांगला दिसतो. वय आणि वजन धरून कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर त्यांची मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम २७ मिलिलिटर गाळतात. प्रेगाबालिन जवळजवळ पूर्णपणे लघवीतून जातं. ही गती १५ ते ३० असेल तर दिवसाची कमाल मात्रा १५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे आजी कमाल मर्यादेवर आहेत. निरोगी मूत्रपिंडं असलेल्याने दिवसाला ६०० घेण्यासारखं हे आहे. सोबतचं नॉरट्रिप्टिलिन उठल्यावरचं प्रेशर उतरवतं. डॉक्टरांना हा हिशेब दाखवा. बहुधा रात्रीची एकच, तीही कमी मात्रेची, पुरेल. कमी करताना निदान आठवड्याभरात, टप्प्याटप्प्याने.

प्रश्न : आईच्या रक्तात सोडियम १२६ आलं. चालताना तोल जातो. मीठ जास्त खाऊ घालायचं का? अ‍ॅम्लोडिपिन, क्लोरथॅलिडोन आणि दोन महिन्यांपासून एस्सिटालोप्राम चालू आहे. — ठाणे

मीठ वाढवून हे सुटत नाही. सामान्य सोडियम १३५ ते १४५ असतं. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही औषधं लघवीतून सोडियम बाहेर काढतात. एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालिनसारखी उदासीवरची औषधं शरीरात पाणी धरून ठेवतात, म्हणजे असलेलं सोडियम विरळ होतं. दोन्ही एकत्र आली की आकडा झपाट्याने उतरतो, बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत. म्हणून अशी गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर तीन-चार आठवड्यांनी सोडियम तपासायला हवं. ही तपासणी स्वस्त आहे आणि तरी राहून जाते, याचं आम्हाला वाईट वाटतं.

क्लोरथॅलिडोन कशासाठी सुरू झालं, ते आठवून पाहा. पुष्कळदा गोष्ट अशी असते : अ‍ॅम्लोडिपिनने पावलं सुजतात, सूज म्हणून लघवीची गोळी येते, तिने सोडियम उतरतं, मग सुस्ती आणि उदासी, म्हणून मनाची गोळी येते, आणि तिने सोडियम आणखी उतरतं. अ‍ॅम्लोडिपिनची सूज लघवीच्या गोळीने फारशी ओसरत नाही. तिचा डोस कमी करणं किंवा सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध देणं जास्त उपयोगी पडतं.

आजच डॉक्टरांना फोन करा. १२५ च्या खाली गेलं, किंवा उलट्या, असंबद्ध बोलणं, फिट यातलं काही झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय. सोडियम घाईने वर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून घरी मिठाचं पाणी पाजण्याचा प्रयोग नको.

प्रश्न : रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना वडील पडले, कपाळाला टेंगूळ आलं. एरवी ठीक आहेत. गोळी बंद करावी का? — पुणे

आधी डोक्याचा सीटी स्कॅन करा, आजच. वॉरफरिन, असेनोकुमारॉल, अ‍ॅपिक्साबान, रिव्हरोक्साबान, डॅबिगाट्रान यातलं काहीही चालू असेल, किंवा क्लोपिडोग्रेल, तर ‘एरवी ठीक’ यावर विसंबायचं नाही. वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल असेल तर सोबत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी. पहिला स्कॅन स्वच्छ आला तरी रक्त कवटीच्या आत हळूहळू, दिवसांनी किंवा आठवड्यांनी साठू शकतं. पुढचे सहा आठवडे डोकेदुखी वाढणं, दिवसा पेंगणं, एका बाजूचा पाय ओढणं, बोलणं विसंगत होणं, असं काहीही दिसलं तर पुन्हा स्कॅन. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. गोळी मात्र परस्पर थांबवू नका. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ती असेल तर तिच्याविना लकव्याचा धोका मोठा आहे, आणि पडण्याची भीती एवढंच कारण ती बंद करायला सहसा पुरेसं नसतं.

प्रश्न : हाडं मजबूत व्हावीत म्हणून ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी तीन वर्षं दर आठवड्याला घेतो. आणखी, प्रेशरसाठी सर्पगंधाच्या वट्याही. — रत्नागिरी

पुडी साधारण आठ आठवडे दर आठवड्याला असते, मग महिन्याला एक किंवा डॉक्टर सांगतील तशी. जास्त घेतली की हाडं आणखी मजबूत होत नाहीत. ऑस्ट्रेलियात ज्येष्ठ स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिली गेली, तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला : त्यांचं पडणं आणि हाड मोडणं, दोन्ही वाढलं. रक्तातलं प्रमाण आणि कॅल्शियम तपासून घ्या. सर्पगंधेत रेझर्पिन असतं. ते खरोखरच प्रेशर उतरवतं, गुंगी आणतं आणि उदासी आणतं. प्रेशरची दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून यादीतून वगळू नका.

प्रश्न : मी परदेशात, आईवडील कोल्हापुरात. तीन डॉक्टर, चौदा गोळ्या. कुठून सुरुवात करू? — दुबई

एका दुपारी व्हिडिओ कॉल लावा आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत गोळा करून घ्या : डबा, फ्रिजचं दार, पर्स, देवघरातला कप्पा. थेंब, मलम, काढे, चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली गोळीसुद्धा. मग प्रत्येक स्ट्रिपवरचं ब्रँडचं नाव सोडून खालचं औषधाचं नाव वाचायला सांगा. एकच औषध दोन नावांनी चालू असलेलं पुष्कळदा इथेच सापडतं, विशेषतः रुग्णालयातून घरी आल्यावर किंवा जनऔषधी केंद्रातली आणि जुनी अशी दोन्ही पाकिटं घरात असताना.

वहीत पाच रकाने आखा : औषध, मात्रा, वेळ, कशासाठी, कधीपासून. ‘कशासाठी’ हा रकाना ज्या गोळीपुढे कोरा राहील, तिच्यापासून चर्चा सुरू करायची. त्यानंतर पाहायच्या त्या मेंदूवर काम करणाऱ्या गोळ्या : झोपेची, मनाची, नसांची, ट्रामाडॉलसारखी वेदनेची, फिट्सची. यातल्या तीन किंवा जास्त एकत्र असतील तर पडण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. पडल्याच्या तारखा शेवटी लिहा आणि त्याआधीच्या चार आठवड्यांत कोणती गोळी नवी आली किंवा वाढली, तिच्याभोवती गोल करा.

चालण्याची एक चाचणी घरीही होते. खुर्चीपासून तीन मीटरवर चिकटपट्टी लावा. खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जाऊन, वळून परत येऊन बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर तोल कमजोर आहे. शेजारी कोणीतरी असू द्या. गोळी कमी केल्यावर महिन्याने हीच चाचणी पुन्हा घ्या, म्हणजे फरक आकड्यांत दिसेल.

यादी एकाच डॉक्टरांच्या हाती द्यायची. फॅमिली डॉक्टर सर्वांत बरे, कारण बाकी दोघं आपापल्या अवयवापुरतं पाहतात. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांची वेगळी ओपीडी चालते, आणि मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यातलं विभागीय केंद्र आहे. एका भेटीत एकच गोळी कमी करा, दोन-तीन आठवडे पाहा, मग दुसरी. चार एकदम बदलल्या तर कशाने फायदा झाला आणि कशाने त्रास, हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक बदलानंतर जुनी स्ट्रिप घरातून काढून टाका, नाहीतर आई ती जपून ठेवेल आणि पुढच्या महिन्यात वडील तीच घेतील.